काल नारायण पेठेत काहीही झाले नाही

आमच्या घरातले पुरुष साठी बघत नाहीत. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, आणि तेही अशा आवाजात, की आमच्याकडे कुणाला कारलं आवडत नाही असं कुणी सांगत असावं. आजोबा असेच गेले होते, मोठे काका असेच गेले. मग एका उन्हाळ्यात, कैऱ्यांच्या दिवसांत, दुकानाच्या मागच्या खोलीत लोणच्याच्या बरणीला फडकं बांधता बांधता बाबा गेले. सकाळी ते छातीत जळजळतंय म्हणाले होते, आणि आईनं त्यांना ओवा चावायला दिला होता. त्यांच्या बोटांची हळद शेवटपर्यंत निघाली नाही, एवढं मला नीट आठवतं.

नारायण पेठेत आमचं लोणची, पापड, मेतकूट, सांडगी मिरच्या यांचं दुकान, आणि वरच्या मजल्यावर घर. बाबा गेले तेव्हा देश खुला झाला, देश खुला झाला असं जो तो म्हणत होता. आमच्यापुरता तो एवढाच खुला झाला, की समोरच्या टपरीवर परदेशी कोल्ड्रिंकची लाल पाटी लागली आणि वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकल्या. दादा तेव्हा नुकताच पदवी घेऊन नोकरी शोधत होता. दिवसकार्य झालं आणि तो गल्ल्यावर बसला. दुकानाबरोबर बाबांची जीभही त्याच्याकडे आली. ‘लोणचं ताजं आहे का हो?’ असं कुणी विचारलं, की ‘लोणचं मुरलेलं असतं. ताजी कोथिंबीर असते, ती मंडईत मिळेल,’ हे ठरलेलं उत्तर. गिऱ्हाईक रागावून जायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं, कारण लोणचं खरोखरच चांगलं होतं.

त्याचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. पहिल्याच महिन्यात आईनं तिला ते वाक्य ऐकवलं, सुनेला आधीच सांगितलेलं बरं अशा समजुतीनं. वहिनी पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, “मग आई, आता कुणीतरी सुरुवात करायला हवी.” आईला ते उद्धट वाटलं. मला त्याच क्षणी वहिनी आवडली. त्या दिवसापासून आमच्या घरात एक गोष्ट पणाला लागलेली होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. दादानं बाबांचं वय ओलांडायचं. आई गेली तीसुद्धा हीच एक इच्छा वहिनीच्या ओटीत टाकून गेली.

दादाला मात्र याची काही पडलेली नव्हती. डॉक्टरचं नाव काढलं की तो म्हणायचा, “तपासलं की निघतं. न तपासलेल्या माणसाला काही झाल्याचं ऐकलंयस कधी?” न तपासलेले बाबा भिंतीवरच्या फोटोतून आमच्याकडे बघत असायचे. पण हे त्याच्या तोंडावर बोलायची हिंमत आम्हा दोघींत नव्हती.

मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. कॉम्प्युटर शिकले, दोन-तीन नोकऱ्या केल्या आणि शेवटी खराडीला एका कंपनीत स्थिरावले. मी जायला लागले तेव्हा आमच्या काचेच्या इमारतीला लागून ज्वारीचं शेत होतं आणि जेवणाच्या सुट्टीत त्यातली पाखरं दिसायची. पाखरं गेली, शेत गेलं, तिथे आणखी एक काचेची इमारत आली. आमच्याकडे कामं यायची ती बहुतेक परदेशातली. कुणाची विमान तिकिटं, कुणाच्या विम्याचे दावे. लांबचा विचार म्हणजे पुढची तिमाही, आणि फारच लांबचा विचार म्हणजे पुढची पगारवाढ.

अशात एक काम देशातलंच आलं. हृदयविकार होऊच नये म्हणून देशभर कायकाय करायचं याची मोठी आखणी चालू होती. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचं ब्लडप्रेशर त्याच्या घराजवळ मोजायचं, ज्याचं जास्त निघेल त्याला गोळी द्यायची आणि मग त्याला जन्मभर सोडायचं नाही. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांच्या हातात एक टॅब असणार होता. त्या टॅबवर काय दिसावं आणि काय विचारावं, एवढा बारीकसा तुकडा आमच्या वाट्याला आला होता. मी म्हटलं, ठीक आहे, विम्याच्या दाव्यांपेक्षा बरं.

आखणी करणाऱ्यांपैकी एक डॉक्टरबाई आम्हाला समजावून सांगायला आल्या. वय झालेलं, सुती साडी, पायात साध्या चपला. त्यांनी भिंतीवर चित्र लावलं आणि बोलायला लागल्या. मीठ किती खाल्लं जातं इथपासून त्यांनी सुरुवात केली. मग तळणीचं तेल, तंबाखू, शाळेच्या मुलांना पळायला मैदान आहे की नाही, डोंगरातल्या शेवटच्या उपकेंद्रात गोळ्या पावसाळ्यापूर्वी पोचतात की नाही. एकेक धागा ओढत त्या आजपासून निघाल्या आणि पुढच्या काही दशकांपर्यंत जाऊन थांबल्या. “ज्यांच्यासाठी हे मुख्यतः चाललंय,” त्या म्हणाल्या, “ती माणसं आत्ता पाचवी-सहावीत आहेत आणि मधल्या सुट्टीत वेफर्स खातायत.”

आमच्यातल्या एका तरुण मुलानं हात वर केला. “मॅम, पण सक्सेस मेट्रिक काय? म्हणजे हे वर्क झालं हे लोकांना कसं कळणार?”

“कळणारच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “झटका आला तर बातमी होते. नाही आला तर होते का? काल अमुक पेठेतील अमुक गृहस्थांना काहीही झाले नाही, ते जेवून झोपले, असं छापून आलेलं वाचलंयत कधी? आपलं काम म्हणजे ही न छापलेली बातमी.”

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, “तुम्हाला हे सगळं झालेलं बघायला मिळेल?”

“मला? मी तेव्हा हार घातलेल्या फोटोत असेन. तुम्ही बघा आणि चुकलं असेल तर शिव्या द्या.”

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीतून नुसती बघत बसले. बंडगार्डनचा पूल आला तरी माझं डोकं तिथेच. आपल्याकडे रस्ता खणून पाइप टाकायचा विसरतात आणि पुन्हा खणतात, हे आयुष्यभर बघितलेली मी. त्याच देशात कुणीतरी बसून अजून न झालेल्या आजारांची, अजून म्हातारी न झालेल्या माणसांची काळजी करत होतं. तीही स्वतः नसतानाच्या काळाची. मी देवळात गेले की हात जोडते, पण आतून नमावं असं मला फारसं कधी झालेलं नाही. त्या दिवशी ते बसमध्ये झालं.

मिठाचा मुद्दा तेवढा मला झोंबला होता. लोणचंवाल्याची मुलगी मी. आमच्यात तर पान वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात, वर मधोमध, मग डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं. मिठावाचून पानाला सुरुवातच नाही. मी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरबाईंना तसं म्हणालेसुद्धा. त्यांनी माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली, खाल्ली, आणि म्हणाल्या, “वा. लोणच्याला कोण नको म्हणतंय? भाजी केल्यासारखं खाऊ नका म्हणतेय.” मी हे घरी वहिनीला सांगितलं. तिनं दुसऱ्याच दिवशी आमटीत मीठ किंचित कमी घातलं. दादा हजार बरण्यांतून एका बरणीतलं मीठ ओळखणारा माणूस. पहिल्या घासालाच म्हणाला, “मिठाला काय सुतक आहे का?” वहिनी म्हणाली, “वर वाढलंय की पानात. घ्या.” त्यानं घेतलं. मग काही दिवसांनी घ्यायचं विसरू लागला. वहिनी गालात हसली.

आमचा टॅबवरचा कार्यक्रम तपासून बघायला ऑफिसात ब्लडप्रेशरची मशिन्स आली होती. त्यातलं एक मी परवानगी काढून घरी आणलं. रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, दादा झोपायच्या बेतात होता. वहिनीनं त्याच्या हाताला पट्टा गुंडाळला. तो म्हणाला, “तपासलं की निघतं.” आणि निघालं. चांगलंच निघालं. मशिन बिघडलंय म्हणून त्यानं वहिनीचं मोजायला लावलं, माझं मोजायला लावलं. आमचं ठीक आलं. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनी पट्टा हातात घेऊन तशीच बसून राहिली. मला त्या क्षणी भयंकर भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर झाले, गोळी सुरू झाली. रोज सकाळी एक, कायमची. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढे मोजावं तेव्हा कधी ठीक, कधी आभाळाला भिडलेलं. डॉक्टर विचारायचे, “गोळी चुकत नाही ना?” दादा छाती ठोकून सांगायचा, “एकही नाही.” वहिनी पण सांगायची. शेवटी एका संकष्टीला मी रजेवर होते आणि सकाळी गोळीची डबी तशीच पडलेली बघितली.

“गोळी राहिली,” मी म्हणाले.

“आज संकष्टी आहे,” दादा म्हणाला, जणू मी वेडी आहे.

मग उलगडा झाला. आमच्या दादाला संकष्टी होती, दोन्ही एकादश्या होत्या, गुरुवार तर ठरलेलाच. श्रावणात त्यात सोमवारची भर. या सगळ्या दिवशी गोळी बंद. गोळी घेतली तर उपास मोडतो, आणि संकष्टी तर चंद्रोदयानंतर सुटते, मग सकाळची गोळी कशी चालेल? हे चुकवणं आहे असं त्याला वाटतच नव्हतं, म्हणून तो छाती ठोकून सांगत होता. वहिनीलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तिच्या माहेरी उपासाला तिची आजी कफाचं औषधही घेत नसे.

“अरे, पण मघाशी साबुदाण्याची खिचडी खाल्लीस ना? वर बटाट्याचे वेफर्स!”

“ते उपासाचेच आहेत.”

“आणि गोळी?”

“मी केमिस्टला विचारलंय. म्हटलं, ही उपासाला चालते का? तो म्हणाला, साबुदाण्याची बनवली असती तर चालली असती.”

नारायण पेठेतल्या केमिस्टचा तो टोमणा आमच्या दादानं, जो स्वतः दिवसभर गिऱ्हाइकांना टोमणे मारतो, डॉक्टरी सल्ला म्हणून घरी आणला होता! मी हसावं की रडावं. मी वाद घातला, भांडले, पाणी चालतं तर गोळी का नाही असं विचारलं. “धर्मातलं तू मला शिकवू नकोस,” तो म्हणाला. धाकट्या बहिणीचं ऐकायचं नाही हा त्याचा खरा धर्म. वहिनीनं गुळाच्या खड्यात गोळी लपवून बघितली. त्यानं ती जिभेनं वेगळी काढून ताटलीत ठेवली.

त्याच सुमारास डॉक्टरबाई पुन्हा ऑफिसात आल्या. या वेळी त्यांनी चित्र लावलं नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “गोळी फुकट दिली, दारात नेऊन दिली, तरी माणसं चुकवतात. मला पुस्तकातली कारणं नकोत. तुमच्या घरात गोळी का चुकते ते सांगा.”

एकानं तोंड उघडलं. मग बोलले ते थांबेनात. एकाचे वडील लग्नकार्याला गावी गेले की गोळ्या पुण्यात राहायच्या. आमच्याबरोबर एक मुलगी होती, तिच्या घरच्या पिढ्या कसब्यात गेलेल्या. ती म्हणाली, “अब्बा रमझानमध्ये बंदच करून टाकतात. सहेरीला किंवा इफ्तारला घेता येते, पण कुणी नीट सांगितलंच नाही ना त्यांना.” यवतमाळकडचा एक जण म्हणाला, आईला बरं वाटायला लागलं की ती गोळी शेजारणीला देऊन टाकते. मग मी आमच्या दादाची संकष्टी सांगितली, केमिस्टसकट. डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग चष्मा लावून म्हणाल्या, “हे सगळं आखणीत यायला पाहिजे. उपास करणारा देश आहे आणि आपण त्याला उपासाचं विचारतच नाही.”

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. एवढ्या मोठ्या देशाच्या आखणीत आमच्या नारायण पेठेतली संकष्टी कोण घेणार? आमचं काम संपलं, ते पुढे दुसऱ्या लोकांकडे गेलं, मी परत विम्याच्या दाव्यांकडे वळले. वर्षं गेली. दादाचे केस पांढरे झाले. बाबांचं वय जवळ येत चाललं आणि घरात त्याबद्दल कुणी अक्षर काढत नव्हतं. वहिनी उपासाच्या दिवशी सकाळी गोळीची डबी त्याच्या चहाशेजारी ठेवायची, आणि रात्री तशीच उचलून ठेवायची. तिच्या चिकाटीपुढे मला हात जोडावेसे वाटायचे.

एका गुरुवारी मी घरून काम करत होते, म्हणून दुपारी दुकानात येऊन बसले होते. नुकतंच चारला दुकान उघडलं होतं. एक आरोग्यसेविका पायरी चढून आली. खांद्याला पिशवी, हातात टॅब.

“काका, तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी मोजतोय. दोन मिनिटं.”

“माझं मोजून झालंय. गोळी चालू आहे,” दादा म्हणाला.

“मग तर मोजायलाच हवं.” तिनं पट्टा काढलासुद्धा. काउंटरवर, आवळ्याच्या बरणीशेजारी, दादाचा हात ठेवला. तिनं टॅबवर बोट फिरवलं आणि मी बघत राहिले. रंग बदलले होते, अक्षरं बदलली होती, पण ती चौकट मी ओळखली. आमची होती. तिनं एकेक प्रश्न वाचायला सुरुवात केली. तंबाखू? नाही. चालणं? दुकान ते घर. मग ती म्हणाली:

“काका, उपास करता का?”

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

“करतो की. आज गुरुवार आहे.”

“मग आजची गोळी घेतली?”

“उपास आहे म्हटलं ना.”

“उपासाच्या दिवशीपण गोळी पाण्याबरोबर घ्यायची. गोळीनं उपास मोडत नाही. आणि खिचडी, वेफर्स बेतानं.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” दादा भुवया चढवून म्हणाला.

“ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. प्रत्येक घरात विचारायचंच. इथे काय, सगळ्या देशात विचारतात.”

“सगळ्या देशात?” दादाचा आवाज खाली आला. “म्हणजे सगळीकडे लोक उपासाला गोळी सोडतात?”

“तर हो. म्हणून तर प्रश्न टाकलाय ना.”

दादा आवळ्याच्या बरणीचं झाकण उगाचच घट्ट करायला लागला. आपण एकटेच धर्म पाळतोय असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. आता एकदम त्याच्याबरोबर कुठल्या कुठल्या गावांतले लोक उभे राहिले, चहाशेजारी डबी तशीच ठेवणारे. आणि त्या सगळ्यांचा कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता. आरोग्यसेविका गेली. दादानं माझ्याकडे न बघता हाक मारली, “वर जा आणि डबी घेऊन ये.” मी आणली. त्यानं माठातलं पाणी घेतलं, बाबांच्या फोटोला नमस्कार केला आणि गोळी गिळली.

मी त्याला कधीच सांगितलं नाही, की तो प्रश्न त्याच्याच घरातून निघाला होता. खराडीला गेला, तिथून दिल्लीला, देशभर फिरला आणि आवळ्याच्या बरणीशेजारी त्याच्यापुढे परत आला. सांगितलं असतं तर धाकट्या बहिणीचं म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी गोळी सोडली असती. वहिनीला मात्र रात्री जेवताना सगळं सांगितलं. ती म्हणाली, “केमिस्टचंपण सांगितलं होतंस त्यांना?” मी हो म्हणाले. तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती असं मला आधी वाटलं.

त्यानंतर मशिनवरचे आकडे खाली आले आणि खालीच राहिले. आणि मग तो दिवस आला, जेव्हा दादाचं वय बाबांपेक्षा एका दिवसानं जास्त होणार होतं. तारीख वहिनीला पाठ होती, मला पाठ होती, आणि दादालाही ती असणारच. कैऱ्यांचेच दिवस होते. दादानं गोळी घेतली, दुकान उघडलं, मागच्या खोलीत बरण्यांना फडकी बांधली, ‘ताजं आहे का’ विचारणाऱ्या एकाला मंडईत पाठवलं. दुपारी एकला दुकान बंद करून आडवा झाला. वहिनी दारात उभी राहून त्याचं पोट वरखाली होतंय का ते बघत होती. मी तिच्या मागे उभी होते. चारला तो उठला, चहा प्याला, दुकानात गेला. रात्री जेवला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरामखुर्चीत पेपर घेऊन बसला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, नेहमीसारखा, निधनवार्तांसकट सगळा वाचला. मग घडी घालून बाजूला ठेवला.

“आज काही विशेष नाही पेपरात,” तो म्हणाला.

स्वयंपाकघरात वहिनीच्या हातातली पळी थांबली. तिनं ओट्याला हात टेकले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.